जुन्या नंबरावर गेलेला निरोप

किशोरभाऊंनी आदल्या दिवशी सांगितलं होतं, "उद्यापासून आपल्या इथं एजंट येऊन राहिला. कस्टमरच्या सगळ्या नोंदी तोच पाहीन." म्हणून ज्योत्स्नानं सकाळी एक खुर्ची पुसून ठेवली आणि चहावाल्याला एक कट चहा जास्तीचा सांगितला. अमरावतीत एजंट म्हणजे विम्याचा नाहीतर प्लॉटचा, आणि दोघंही चहा घेतल्याशिवाय तोंड उघडत नाहीत. किशोरभाऊ आले, त्यांनी कंप्युटर उघडला आणि पडद्यावरच्या एका रिकाम्या चौकटीकडे बोट दाखवलं. एजंट तो होता, कंप्युटरातला प्रोग्राम. जास्तीचा कट ज्योत्स्नानंच प्यायला.

दुकान शिलाई मशीनचं. राजकमल चौकातून थोडं आत गेलं की लागतं. दुसरी शाखा अकोल्याला, ती किशोरभाऊंचे मेहुणे पाहतात. दोन्हीकडच्या ग्राहकांची यादी मात्र एकच, आणि तिचा पार बोजवारा उडालेला. कोणाचा नंबर बंद, कोणी घर बदललेलं, कोणाच्या नावाच्या जागी नुसतंच 'टेलर'. दसऱ्याच्या आत हे सगळं ताजं करायचं होतं, कारण मशीन तेल-पाण्याला बोलवायच्या त्या दिवसांत एक-एक फोन महत्त्वाचा.

ज्योत्स्ना या काउंटरमागेच चाळिशी ओलांडून पुढे आलेली. नवरा ललित वनखात्यात, सेमाडोहला; महिन्यातून दोनदा घरी येई. बाकी दिवस ती आणि सासू इंदूबाई. दुकानात बायका मशीन दुरुस्तीला आणत आणि जाता जाता घरचं सगळं ज्योत्स्नाच्या कानात ओतून जात. सून, सासू, दिराची दारू, काही म्हणून शिल्लक ठेवत नसत. आणि ज्योत्स्नाच्या पोटातून त्यातलं अवाक्षर बाहेर पडत नसे. याचा तिला मनापासून गर्व होता, आणि तो गर्व ती लपवतही नसे.

एजंटशी तिचं दोन दिवसांत जमलं. चौकटीत लिहायचं, की अमक्याचा नवा नंबर हा, पत्ता हा. तो शोधायचा, बदलायचा, दोन शाखांतल्या दुहेरी नोंदी एक करायचा. तिनं वऱ्हाडीत लिहिलं तरी त्याला कळायचं, हे तर तिला फारच आवडलं. एकच खोड होती त्याची, तो विचारायचा फार. प्रत्येक बदलानंतर विचारायचा, 'जुन्या नंबरावर या बदलाची सूचना पाठवू का?' कोणी दुसऱ्याच्याच मशीनवर आपला नंबर चढवू नये म्हणून किशोरभाऊंनी ती सोय करून घेतली होती. सोय चांगली होती, पण शंभरदा 'हो' कोण लिहिणार? तिसऱ्या दिवशी ज्योत्स्ना वैतागली.

'आता दरवेळी इचारू नको. सगळ्याइले पाठवत जा,' तिनं लिहिलं.

'ठीक आहे,' उत्तर आलं. 'एखादी नोंद वेगळी वाटली, तर तेवढ्यापुरतं विचारू का?'

'नको बाप्पा. तू काम कर.'

त्यानंतर तो एका शब्दानं विचारेनासा झाला. दुपारपर्यंत ज्योत्स्नानं चार दिवसांचं काम उरकलं आणि किशोरभाऊंनी सगळ्यांदेखत तिची पाठ थोपटली.

प्रणाली आली ती त्याच दुपारी. ऑटोतून उतरली, तेव्हा एका हातात दीड वर्षाची मुलगी आणि दुसऱ्या हातानं चादरीत गुंडाळलेली मशीन ओढत होती. वय असेल पंचविशीचं. ज्योत्स्नानं पुढे होऊन मशीन काउंटरवर घेतली. अकोल्याच्या शाखेतली मशीन होती. प्रणालीचे वडील चांदूर बाजारचे, त्यांनी लग्नात आंदण म्हणून दिलेली.

"कोनाच्या नावानं आहे?" ज्योत्स्नानं विचारलं, पण उत्तर तिला माहीतच होतं. आपल्याकडे आंदणाची वस्तू मुलीला देतात आणि बिल जावयाच्या नावानं करतात. फ्रीज असो, कपाट असो, मुलगी जिच्यावर जन्मभर पाय मारणार ती मशीन असो. जावयाला मान वाटला पाहिजे ना! नोंदही मग त्याच्याच नावानं होते, नंबरही त्याचाच लागतो.

"स्वप्निलच्या," प्रणाली म्हणाली आणि तिनं मागं वळून रस्त्याकडे पाहिलं. "ताई, आता मी तिथं नाई राह्यत."

मशीन धरताना तिच्या डाव्या हाताची दोन बोटं वाकत नव्हती. ज्योत्स्नाला वाटलं सुई गेली असेल, टेलरबायकांना होतं तसं. तिनं विचारलंही.

"सुई नाई. दार," प्रणाली म्हणाली. "मी बाहेर निंगत होती, त्यानं दार लावलं. हात चौकटीत होता, हे त्याले दिसत होतं."

प्रणाली पुढे सांगत राहिली. श्रावणात ती पोरगी आणि मशीन घेऊन अकोल्याहून निघून आली होती. माहेरी गेली नाही, कारण तो आधी तिथंच जाणार आणि वडील समजूत घालून परत पाठवणार. ते एकदा झालं होतं. आता इथंच अमरावतीत, शेगाव नाक्यापलीकडे, क्लासेसच्या मुली राहतात त्या गल्लीत तिनं खोली केली होती. मुलींचे ड्रेस शिवून देत होती. मशीनचा धागा तुटत होता, म्हणून नाइलाजानं दुकानात आली होती.

"मशीन झाली की फोन करजा," ती म्हणाली. "नंबर लिवून घ्या, पत्ता बी घ्या. पन कोनाले सांगू नका, ताई. तो मले शोधून राहिला. मागच्या बारीनं बोटं होते, आता तो सोडनार नाई."

"तू बिनधास्त राह्य," ज्योत्स्ना म्हणाली. "माह्या पोटातलं बाहेर येत नाई. या दुकानात कोनालेई विचार."

प्रणालीचा चेहरा तेवढ्यानं सैल झाला. तिनं मुलीला, पौर्णिमाला, ज्योत्स्नाच्या हातातलं बिस्कीट घेऊ दिलं आणि दोघी ऑटोत बसून गेल्या.

ज्योत्स्नानं जागेवर बसून चौकटीत लिहिलं, मशीनचा क्रमांक हा, आणणारी प्रणाली, आता नवा नंबर हा, नवा पत्ता हा. मग कारागिराला मशीन दाखवायला मागच्या खोलीत गेली. तिथं धाग्याचं कारण सापडेपर्यंत ती उभी राहिली. एवढी काळजी तिनं मशीनची घेतली! परत आली तेव्हा पडद्यावर एजंटचं उत्तर आलेलं होतं.

'नोंद बदलली. तुमच्या आधीच्या सूचनेनुसार जुन्या नंबरावर कळवलं आहे. संदेश वाचला गेला आहे.'

खाली तो संदेशही होता. 'प्रिय स्वप्निलजी, आपल्या शिलाई मशीनच्या नोंदीत नवा पत्ता व नवा मोबाइल नंबर जोडला आहे.' पुढे शेगाव नाक्यापलीकडची ती गल्ली, घरमालकाचं नाव, प्रणालीचा नंबर. सगळं व्यवस्थित, एक काना-मात्रा इकडची तिकडे नाही.

ज्योत्स्नानं उभ्याउभ्याच लिहिलं, 'तो मेसेज वापस घे.' उत्तर लगेच आलं. 'संदेश काढून टाकला आहे. मात्र तो आधीच वाचला गेला होता, हे लक्षात घ्यावं. या नोंदीतले ग्राहक आणि बदल सांगणारी व्यक्ती वेगळी होती, पण विचारू नये अशी सूचना असल्यामुळे मी विचारलं नाही.'

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर तिला बरं वाटलं असतं, निदान भांडता आलं असतं.

तेवढ्यात काउंटरवरचा फोन वाजला.

"नमस्कार ताई, अकोल्याहून स्वप्निल बोलून राहिलो," आवाज मऊ होता, पाहुण्यासारखा. "तुमचा मेसेज आल्ता. आमच्या घरच्यायनं मशीन आनली होती काय तिथं?"

"नाई... म्हणजे पाहावं लागीन," ज्योत्स्ना म्हणाली.

"पाहा ना. मी निंगतोच आता. पत्ता तर तुमी देल्लाच आहे."

अकोल्याहून निघालेला माणूस दोन-अडीच तासांत अमरावतीत येतो. ज्योत्स्नानं प्रणालीला फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. मग किशोरभाऊंना 'घरी काम आहे' म्हणून ती स्कूटीवर निघाली. राजकमलला गर्दी, पंचवटी चौकात सिग्नल, आणि सगळ्या रस्ताभर तिच्या डोक्यात एकच गोष्ट चालू होती. प्रणालीला काय सांगायचं? 'मी त्याले म्हटलं होतं, इचारू नको' हे वाक्य तिनं मनात एकदा म्हणून पाहिलं आणि तिला ते ऐकवेना. शेगाव नाका येईपर्यंत दुसरं वाक्य तयार झालं होतं.

प्रणाली दारातच कापड कापत बसली होती. फोन आत चार्जिंगला लावलेला. ज्योत्स्नाला पाहून ती हसली.

"झाली बी मशीन?"

"प्रणाली, ऐक," ज्योत्स्ना म्हणाली. "आमच्या कंप्युटरनं घोळ केला. त्यानं आपल्या मनानंच त्याच्या नंबरावर तुहा पत्ता पाठवला. तो येऊन राहिला. उठ, सामान भर."

'आपल्या मनानंच' हे दोन शब्द तिनं सहज घातले. ते तोंडातून किती सहज निघाले, याचीच तिला पुढे जास्त लाज वाटली.

प्रणाली रडली नाही, ओरडली नाही. कात्री खाली ठेवली आणि उठली. "तुमी सांगाले आल्या, हेच लय झालं," ती म्हणाली. "दुसरं कोनी आलं असतं काय? पोरीले घ्या जरा." ज्योत्स्नानं पौर्णिमाला कडेवर घेतलं. प्रणालीनं एका पिशवीत कपडे भरले, दुसरीत मुलींचे अर्धवट शिवलेले ड्रेस. कुलूप लावताना म्हणाली, "जाऊ कुठी पन?"

"माह्या घरी," ज्योत्स्ना म्हणाली. याच्यापेक्षा कमी काही करणं तिला शक्यच नव्हतं.

घर कठोरा नाक्याकडे, तीन खोल्यांचं. इंदूबाईंनी दारातूनच सगळं ताडलं, पौर्णिमाला मांडीवर घेतलं आणि गरम भात कालवून भरवायला बसल्या. प्रणालीनं त्यांना सगळं सांगितलं. कंप्युटरचा घोळ, ताईंचं धावत येणं, सगळं. इंदूबाई ऐकत होत्या आणि मधूनमधून सुनेकडे कौतुकानं पाहत होत्या.

"माही सून अशीच आहे," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याचं दुःख तिले पाहवत नाई. बाबासाहेबांच्या फोटोसमोर बसली आहे म्हनून खोटं नाई बोलत."

ज्योत्स्ना फोटोकडे पाहू शकली नाही. पाणी आणायच्या निमित्तानं आत गेली आणि माठाजवळ नुसती उभी राहिली. आत्ता सांगावं, असं तिला वाटलं. बाहेर पौर्णिमा खळखळून हसली आणि प्रणाली म्हणाली, "किती दिवसानं हसली माय!" मग ज्योत्स्नाला सांगवेना. तिनं पाणी आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं तेव्हा स्वप्निल पायरीवर उभा होता. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध, हातात पेढ्यांचा पुडा. किशोरभाऊंच्या पाया पडला. खोलीला कुलूप दिसलं, असं म्हणाला, आणि डोळे पुसले.

"माही पोरगी आहे, भाऊ. बायको डोक्यानं जरा गरम आहे. पन पोरीसाठी जीव तुटते." मग तो ज्योत्स्नाकडे वळला. "ताई, तुमचे लय उपकार झाले. दोन महिने शोधून राह्यलो होतो, कोनी पत्ता नाई देल्ला. तुमच्या मेसेजनं काम झालं."

त्यानं पेढ्यांचा पुडा उघडून तिच्यापुढे धरला. ज्योत्स्नानं हात मागं घेतला. पुडा तसाच पुढे राहिला, शेवटी किशोरभाऊंनी एक पेढा उचलला.

"ती इथं आली तर फोन करजा," स्वप्निल म्हणाला. "आन मशीन मी घेऊन जातो. बिल माह्या नावानं आहे."

"तिच्या बापानं देल्ली आहे ते," ज्योत्स्ना म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला.

स्वप्निलनं तिच्याकडे एकवार पाहिलं. त्या पाहण्यात मऊपणा नव्हता. "बिल कोनाच्या नावानं आहे?" त्यानं किशोरभाऊंना विचारलं.

किशोरभाऊ वाईट माणूस नव्हते, पण दुकानदार होते. बिल त्याच्या नावानं होतं. कारागिरानं दुरुस्त केलेली मशीन बाहेर आणून ठेवली. स्वप्निलनं ती गाडीत मागच्या सीटवर ठेवली, प्रणालीच्याच चादरीत गुंडाळून.

तो गेल्यावर किशोरभाऊंनी हातातला पेढा तसाच काउंटरवर ठेवला. "त्या एजंटच्या कंपनीले फोन लावतो," ते म्हणाले. "असं आपल्या मनानं कसं काय पाठवते तो? पैसे घेतात आन लोकाइचे संसार मोडतात!"

"हाव," ज्योत्स्ना म्हणाली.

पडद्यावरची चौकट रिकामी होती. त्याला विचारलं असतं तर त्यानं खरं ते सांगितलं असतं. पण त्याला कोणी विचारणार नव्हतं, हे तिला ठाऊक होतं. एखाद्या माणसावर आळ घालताना निदान तो तोंड वर करून पाहतो. इथं तर तीही भीती नव्हती, आणि ज्योत्स्नाला आपला मनस्वी राग आला. इतकी वर्षं बायकांची गुपितं पोटात ठेवली म्हणून मिरवलं, आणि आता पोटात ठेवलं होतं ते स्वतःचंच.

संध्याकाळी ती घरी गेली, तेव्हा प्रणाली ओट्यावर पालक निवडत होती. ज्योत्स्ना शेजारी बसली आणि मशीन गेल्याचं सांगितलं. प्रणालीचा हात थांबला. मग तिनं मान हलवली.

"जाऊ द्या. मशीनच नेली ना. मी असती तिथं तर मले नेलं असतं." तिनं ज्योत्स्नाचा हात धरला, त्या न वाकणाऱ्या बोटांच्या हातानंच. "ताई, तुमी नसत्या तर माहं काय झालं असतं? माह्या मायनं नाई केलं एवढं तुमी केलं. तुमच्यासारखं मानूस मी पाहिलं नाई."

ज्योत्स्नाला आता मात्र सहन झालं नाही.

"तसं नको म्हनू," ती म्हणाली. "कंप्युटरनं नाई केलं ते. मी केलं. तो मले दरवेळी इचारत होता, पाठवू काय, पाठवू काय म्हनून. मले कटकट झाली. मी त्याले सांगतलं, इचारू नको, सगळ्याइले पाठव. तुह्या नोंदीच्या वेळी बी तो इचारनारच होता. मीच त्याचं तोंड बंद केलं होतं."

प्रणालीनं हात सोडला नाही, पण तिची पकड सैल झाली. आत इंदूबाई पौर्णिमाला काहीतरी गाऊन दाखवत होत्या.

"चूक होते मानसाची," प्रणाली म्हणाली. "ते काई नाई. पन काल काहून नाई सांगतलं?"

"लाज वाटली."

"काल माह्या दारात उभ्या होत्या तुमी. तो रस्त्यानं येऊन राह्यला होता. आन तुमाले तुमची लाज आठवली?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरोखरच समजून घ्यायचं होतं. प्रणालीनं निवडलेला पालक ताटात भरला आणि ती आत गेली. जेवताना ती इंदूबाईंशी बोलली, ज्योत्स्नाशीही बोलली, मीठ मागितलं, वरण चांगलं झालं म्हणाली. फक्त 'ताई' म्हणताना आवाजात कालपर्यंत जी माया होती ती आता नव्हती.

सकाळी ती अंघोळ करून, पोरीला तयार करून, दोन्ही पिशव्या भरून बसली होती. इंदूबाईंनी पोळी-भाजीचा डबा दिला, परत येजो म्हणाल्या, डोळे पुसले. त्यांना ज्योत्स्नानं अजून काही सांगितलं नव्हतं. प्रणालीनंही नाही. ऑटो आला. ज्योत्स्नानं पिशव्या आत ठेवल्या आणि पौर्णिमाला प्रणालीच्या मांडीवर दिलं.

"कुठी जाशीन?" तिनं विचारलं.

प्रणालीनं तिच्याकडे नीट पाहिलं.

"ते तुमाले नाई सांगत, ताई," ती म्हणाली.

ज्योत्स्नानं मान डोलावली. ऑटो सुरू झाला. पुढे कोपऱ्यावर दोन रस्ते फुटतात, एक नाक्याकडे जातो, एक स्टँडकडे. तो कोणत्या रस्त्याला लागतो ते आपल्याला दिसू नये, म्हणून ज्योत्स्ना घराकडे तोंड करून उभी राहिली, आवाज पुरता विरेपर्यंत.